तुम्ही विचारलंत म्हणून: वारा अखंड वाहतो, मग न्यूट्रॉन तारा का लुकलुकतो?

जोडीदार ताऱ्याचा वारा, म्हणजे त्याच्यापासून सुटणारा वायू, अखंड वाहत असताना न्यूट्रॉन ताऱ्याकडून (मोठ्या ताऱ्याच्या उरलेल्या अतिघन गाभ्याकडून) येणारे क्ष-किरण काही मिनिटांत दुपटीतिपटीने का बदलतात, असं अनेकजण विचारतात. गोची आहे ती 'अखंड' या शब्दात.

वेला एक्स-1 ही अशीच एक जोडी घ्या. तिथला महाराक्षसी तारा वर्षाला सूर्याच्या साधारण दहा लाखाव्या भागाएवढं द्रव्य उधळतो, आणि न्यूट्रॉन तारा त्या झोतातच 8.96 दिवसांत एक फेरी मारतो. वाऱ्याला ढकलतो तो ताऱ्याचा अतिनील प्रकाश. कार्बन, लोह अशा मूलद्रव्यांचे आयन (काही इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) तो ठरावीक तरंगलांबींवर शोषतात आणि पुढे रेटले जातात. ही रीत मुळातच अस्थिर आहे. जो वायू जरा वेगाने सुटला, त्याला डॉप्लर परिणामामुळे (वेगामुळे तरंगलांबी सरकल्याने) इतरांनी न शोषलेला ताजा प्रकाश मिळतो आणि तो आणखी वेग घेतो. मग वेगवान वायू संथ वायूवर आदळतो, आणि वाऱ्याच्या गुठळ्या होतात.

वेगातला छोटा फरकही इथे फार महाग पडतो. न्यूट्रॉन तारा वाऱ्यातलं द्रव्य पकडतो आणि ते त्याच्यावर पडताना क्ष-किरण निघतात. ही द्रव्याची आवक वाऱ्याच्या घनतेच्या सम प्रमाणात, पण वेगाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. घनता तीच राहून वेग 20 टक्क्यांनी घटला, तर आवक जवळजवळ दुप्पट! त्यात क्ष-किरण स्वतःच आयनांचे उरलेसुरले इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. मग त्यांना प्रकाशाचा धक्का बसणं थांबतं, वारा मंदावतो.

पण प्रत्येक चढउतार आवकेचा नसतो, आणि घोळ इथेच होतो. गुठळी न्यूट्रॉन ताऱ्यावर पडली तर सर्व ऊर्जांत चमक वाढते. ती नुसती आपल्या दृष्टिरेषेत आडवी आली तर 3 केईव्हीखालचे (केईव्ही म्हणजे किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) किरण गिळले जातात, 10 केईव्हीवरचे फारसे बदलत नाहीत. म्हणून या दोन्ही ऊर्जापट्ट्यांचे प्रकाशवक्र (वेळेनुसार चमकेचे आलेख) वेगळे काढा, त्यांचं गुणोत्तर वेळेनुसार मांडा. एकाच पट्ट्यावरून निष्कर्ष काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी वेळेचे कप्पे, म्हणजे आलेखाचा एकेक बिंदू किती सेकंदांच्या मोजणीचा ते, नीट निवडा. हा न्यूट्रॉन तारा सुमारे 283 सेकंदांत स्वतःभोवती फिरतो आणि दर फेरीला त्याची चमक स्पंदासारखी वरखाली होते. 100 सेकंदांचे कप्पे घेतलेत तर त्याचे स्पंदच वाऱ्याचे चढउतार म्हणून दिसतील. 283 सेकंदांचे किंवा त्याच्या पूर्ण पटीतले घ्या. स्पंदांची कला (फेरीतला नेमका टप्पा) जुळवायची असेल तर किरण सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रापाशी कधी पोचले असते त्या वेळा काढा, नाहीतर केवळ पृथ्वीच्या कक्षेमुळे आठ मिनिटांपर्यंत चूक राहते. शिवाय न्यूट्रॉन ताऱ्याच्या कक्षेमुळे स्पंद सुमारे 113 सेकंद पुढे-मागे होतात, तेही वजा करा.

कधीकधी मात्र सगळ्याच ऊर्जा काही मिनिटं एकदम मावळतात. वाऱ्यातली पोकळी, की चुंबकीय क्षेत्राने अडवलेली आवक, यावर अजून वाद आहे.

ग्रहणातही क्ष-किरण शून्यावर येत नाहीत. न्यूट्रॉन तारा महाराक्षसी ताऱ्यामागे झाकला गेला तरी वाऱ्याने विखुरलेले किरण आणि लोहाची 6.4 केईव्हीची रेषा उरते. तेवढ्या काळात दुर्बिणीत दिसतो तो मुख्यतः वाराच.