छिन्नी न लागलेला डोंगर

सुइसेकी या जपानी कलेत दगड घडवला जात नाही. नदीपात्रात किंवा डोंगरउतारावर जसा सापडला तसाच तो निवडून मांडला जातो. दोन हातांत सहज मावणाऱ्या त्या दगडात पर्वतरांग, धबधबा किंवा एखादे बेट दिसावे, एवढीच अपेक्षा असते. या सर्व प्रकारांत मला दूरच्या डोंगराचा भास देणारा ‘तोयामा-इशी’ श्रेष्ठ वाटतो. गिफू प्रांतातल्या नेओ खोऱ्यातले, शेवंतीच्या फुलांची नक्षी असलेले दगड अधिक प्रसिद्ध आहेत खरे. पण ती नक्षी खुलवण्यासाठी दगड बहुधा घासावा लागतो, आणि तिथे माझे मन रमत नाही.

माणसाचे कसब लागते ते ‘दाइझा’ या लाकडी बैठकीत. दगडाच्या तळाचा प्रत्येक उंचवटा आणि खळगा लाकडात असा उतरवायचा की बैठकीचा काठ दगडाच्या कडेबरोबर वरखाली होत जाईल आणि दोहोंमध्ये फट राहणार नाही. तळ कापून सपाट केला की हे काम सोपे होते, म्हणून विक्रीला येणाऱ्या कित्येक दगडांचा तळ कापलेला असतो. जुन्या वळणाच्या जाणकारांना ते पटत नाही, आणि मलाही नाही.

बैठकीऐवजी ‘सुइबान’ हे उथळ तबकही वापरतात. त्यात वाळू पसरून दगड मध्यापासून किंचित बाजूला ठेवतात आणि त्यावर पाणी शिंपडतात. ओला दगड गडद होतो. मग शिखरे आधी सुकून फिकी पडतात आणि खालच्या घळींतला ओलावा बराच वेळ टिकतो, तेव्हा पाऊस नुकताच ओसरलेला डोंगर आपण पाहत आहोत असे वाटते.

क्योतोमधल्या कामो नदीच्या दगडांना संग्राहकांमध्ये मोठा मान आहे. नागोयाच्या तोकुगावा कलासंग्रहालयातला ‘युमे नो उकिहाशी’ हा दगड चौदाव्या शतकातल्या सम्राट गो-दाइगो याच्याकडे होता, असे परंपरा सांगते. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ बोन्साय भेट दिले, तेव्हा त्यांच्याबरोबर असे सहा दगडही पाठवले होते.

नवा दगड मात्र लगेच प्रदर्शनात ठेवण्यासारखा नसतो. त्याला उघड्यावर फळीवर ठेवून, वर्षानुवर्षे पाणी घालत, ऊन-पाऊस खाऊ देतात; त्यामुळे त्याचा कोरेपणा जाऊन पृष्ठभागावर जुनेपणाची मंद झाक चढते. तेल चोळून ती आणण्याचा प्रयत्न काही जण करतात, पण अनुभवी नजरेला तो फरक कळतो.