पोटं मोज

आमच्या बेसमेंटमध्ये पॅकमॅन या व्हिडिओ गेमचं एक जुनं कॅबिनेट, म्हणजे उभं राहून खेळायचं मशीन, आहे, शिकागोजवळच्या एका बंद पडलेल्या बोलिंग सेंटरमधून आणलेलं, आणि बायको त्याला अजून ‘तुझं ते कपाट’च म्हणते. गेम 1980 चा, मॉनिटरचंही वय झालेलं, त्यामुळे चित्राच्या वरच्या-खालच्या कडा कधी सरळ नसायच्याच. दोरीवर वाळत घातलेल्या साडीसारख्या हलायच्या.

मी काय केलं, तर मागचं दार उघडून दिसेल तो स्क्रू पिळला. त्यात गंमत अशी की हा मॉनिटर म्हणजे एका कुशीवर निजवलेला टीव्हीच, चित्र 224 ठिपके रुंद आणि 288 उंच, म्हणून उंचीचा स्क्रू फिरवला की चित्र रुंद होतं. हे कळेपर्यंत अर्धा भूलभुलैया काचेबाहेर गेला होता.

शेवटी बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबांचं सांगलीत रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. लहानपणी संध्याकाळी अख्ख्या गल्लीने पाण्याच्या मोटारी लावल्या की व्होल्टेज पडायचं आणि बातम्या देणारी बाई चारी बाजूंनी आकसायची, मग बाबा उठून स्टॅबिलायझरचं बटण टकटक करत एकेक घर पुढे न्यायचे, तर त्यांच्याशिवाय विचारणार कोणाला.

"फिरवाफिरवी बंद कर आधी. कडेला पोटं किती सुटलीत ते मोज."

मोजली. दोन.

"मग डायोड ठीक आहेत, कंडेन्सर गेलाय."

मला हे जादूसारखं वाटलं पण हिशोब साधाय. इथली वीज 60 हर्ट्झची, उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एकाच दिशेला वळवणाऱ्या चार डायोडमधून गेली की सेकंदाला 120 उसळ्या होतात, आणि मॉनिटर सेकंदाला साठेक चित्रं काढतो, म्हणजे एका चित्राला दोन उसळ्या, म्हणून दोन पोटं. या उसळ्या सपाट करायचं काम मोठ्या कंडेन्सरचं, आणि त्याच्या आतलं द्रावण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतं. एखादा डायोड गेला असता तर एकच पोट दिसलं असतं. आणि पॅकमॅन साठाच्या किंचित वर पळतो, 60.6, म्हणून ती पोटं एका जागी न थांबता सरकत राहतात!

पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या घरात चार्ज असतो आणि तो मशीन बंद केल्यावरही बसून राहतो, त्यामुळे चेसिसला वायर बांधलेल्या स्क्रूड्रायव्हरने तो काढताना बाबांनी मला डावा हात खिशात घालायला लावला आणि कॅमेऱ्यात दाखवायलाही लावला. वय पन्नास माझं. मोठा कंडेन्सर बदलला, बरोबरचे वीसेक छोटेही बदलले, सोल्डरिंगच्या वासाने दुकान आठवलं वगैरे ठीक आहे, पण मुख्य म्हणजे कडा सरळ झाल्या. नंतरच्या दोन संध्याकाळी मीच बिघडवलेले स्क्रू जागेवर आणण्यात गेल्या. एक कोपरा अजून थोडा आत वळलाय, पण तो योकचा, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या तारेच्या वेटोळ्यांचा मामला, त्याला हात लावायचा नाही अशी तंबी आहे.

बाबांना फोनवर चित्र दाखवलं. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"अरे, काळे पट्टे फिरतायत की अजून!"

"ते तुमच्या बाजूला दिसतात बाबा, फोनच्या कॅमेऱ्यामुळे."

"मग फोन उघड."