तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्री घेऊन नातेवाईकांकडे जाता तरी कसं?

हा प्रश्न लोकांनी मला लग्नाच्या पंगतीत पण विचारलाय. दीड दीड महिना मारुती ईको व्हॅनमधून फिरता, सोबत दोन कुत्री, ते एक वेळ ठीक, पण मधेमधे नातेवाईकांकडे पण उतरता, त्यांना चालतं का? तर खरं सांगू, सगळ्यांना नाही चालत. एका घरी आम्ही गेटबाहेर उभ्याउभ्या चहा घेतलाय आणि "येतो हं" म्हणून निघालोय. राग नाही, त्यांचं घर आहे.

पण माझा अनुभव असाय की भांडण कुत्र्यांवरून होतच नाही. होतं ते आम्ही गाडीत झोपतो यावरून.

कोल्हापूरचंच सांगते. मामाचं घर मंगळवार पेठेत, जुनं, गल्ली एवढी अरुंद की समोरून रिक्षा आली तर कुणीतरी एकानं मागं जायचं. पुण्याहून जेमतेम २३० किलोमीटर, पण दर दोन तासांनी कुत्र्यांना पाणी-शू करत आणि किणी टोलनंतर उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत आम्ही तावडे हॉटेलपाशी आत वळलो तेव्हा दिवे लागले होते. फोनवर मी आधीच सांगितलेलं, मामा, जेवायला तुमच्याकडं, झोपायला गाडीत. पलीकडं शांतता. मग, "म्हंजे? भाचीनं रस्त्यावर झोपायचं आणि मी घरात पंखा लावून? गल्ली काय म्हणंल?"

कुत्र्यांबद्दल एक शब्द नाही!

कुत्र्यांबद्दल मामी बोलली, आणि स्पष्ट बोलली, उंबऱ्याच्या आत नको, देवघर पुढच्याच खोलीत हाय. मला असं सांगणारी माणसं आवडतात. "चालतंय की, आणा" म्हणून नंतर दोन दिवस नाक मुरडणाऱ्यांपेक्षा शंभरपट बरं. मामीच्या सुनेला लहान बाळाची काळजी होती, तिला लसीचं पुस्तक दाखवलं, रेबीजची दरवर्षीची तारीख आणि डॉक्टरचा शिक्का, ती निवांत झाली. हे पुस्तक मी आरसीसोबतच ठेवते.

मग झोपण्याचा तह. कुत्र्यांना एकटं सोडता येत नाही, म्हणजे एकजण गाडीत हवाच. नवरा म्हणाला मी झोपतो. मामा उठूनच उभा राहिला, जावई गाडीत? शक्य न्हाई. शेवटी ठरलं असं की पाव्हणं आत पलंगावर आणि मी, जी त्या घरात लहानाची मोठी झालीय, मी तालमीजवळ ईकोत, मागची सीट दुमडून केलेल्या प्लायच्या बेडवर, एका बाजूला काजळ आणि पोटावर पिठल्या, आमची दोन कुत्री. भाची आपलीच, तिचं काय एवढं. ही सोय मामाला एकदम पटली, मला अजून पटायचीय.

तालमीतल्या पोरांनी मात्र गाडीची जबाबदारीच घेतली. "बिनधास्त लावा ताई, कोण हात लावत न्हाई." एकानं पिठल्याकडं निरखून बघत विचारलं, लढतंय काय? म्हटलं नाही, झोपतंय. त्यानं मान हलवली, जरा निराशच झाला. मामा पण शेजाऱ्यांना सांगत होता, अहो संस्थानात शिकारीला चित्ते पाळत होते इथं, ही दोन कुत्री म्हंजे काय! नावावरून मात्र सगळी हसली. मटणाच्या गावात येऊन पिठल्या?

आता खाण्याचं. नातेवाईकांकडे खरा धोका चावण्याचा नाही, प्रेमानं खायला घालण्याचा असतो. तांबडा-पांढरा रस्सा म्हणजे कांदा-लसूण, आणि कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतं, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि शिजलेलं हाड तर नकोच, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, आतड्यात घुसतात. हे मामीला सांगितलं तर ती म्हणाली, मग खात्यात काय बिचारी? पण दुसऱ्या दिवशी मटण शिजायला टाकायच्या आधी तिनं पाच-सहा बिनहाडाचे तुकडे वेगळ्या पातेलीत घेतले, मीठ नाही, हळद नाही, नुसतं पाणी, आणि पातेली गॅसच्या पार कडेला सरकवून सुनेला बजावलं, यात चमचा घालू नकोस आपला. थंड झाल्यावर भातात कुस्करून दारातूनच माझ्या हातात दिलं. उंबरा तिनं ओलांडला नाही, कुत्र्यांनीही नाही.

मामानं मात्र घोळ केला. संध्याकाळी गंगावेशीत नेलं, दुधाच्या कट्ट्यावर, समोर म्हैस पिळतात आणि तिथंच फेसाळतं दूध ग्लासात, आम्ही दोघांनी ओठावर मिशा येईपर्यंत प्यायलो. कुत्री तेव्हा तालमीतल्या पोरांपाशी होती. मामानं गुपचूप अर्धा लिटर बाटलीत घेतलं आणि मी साडी बदलायला आत गेले तेवढ्यात दोघांना पाजलं. मोठ्या कुत्र्यांना दूध सहसा पचत नाही. त्या रात्रीचं बंद गाडीतलं वर्णन मी करत नाही. एवढंच सांगते की पहाटे साडेचारला मी तालमीच्या नळावर चादर धूत होते आणि आखाड्यात आलेला एक पैलवान काही न विचारता बादली भरून देत होता.

मामा सहाला चहा घेऊन आला. चादर बघितली, कुत्र्यांकडं बघितलं. "मला वाटलं म्हशीचं हाय म्हणून सोसंल." मग तिथंच गाडीच्या पायरीवर बसला, पिठल्यानं त्याच्या चपलेवर डोकं ठेवलं, आणि अर्धा तास पाय हलवता येईना म्हणून चहा पण तिथंच गार झाला.

आजऱ्यावरून आंबोलीकडं निघताना मामीनं भडंग, कांदा-लसूण चटणी आणि एक वेगळा डबा दिला, झाकणावर सुनेनं पेनानं लिहिलेलं, कुत्र्यांचं, आपलं न्हाई. मी म्हटलं मामी, पुढच्या वेळी आत घेशील का गं?

"न्हाई," मामी म्हणाली. "आणि पुढच्या वेळी पाव्हण्यास्नी गाडीत झोपव, लय घोरत्यात."