आजाराचे नाव कागदावर हवे: पेनसिल्व्हेनियातील वैद्यकीय गांजाच्या कार्डाचा माझा अनुभव

मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जातंतूंवरचे आवरण झिजवणारा आजार, आहे. रात्री पोटऱ्यांत गोळे येत, मांड्या लाकडासारख्या ताठ होत, आणि त्यावरच्या बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा डोस वाढवला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्लानी उतरत नसे. म्हणून 2022 मध्ये मी पेनसिल्व्हेनिया राज्याच्या वैद्यकीय गांजाच्या कार्डासाठी, म्हणजे औषध म्हणून गांजा घेण्याच्या परवान्यासाठी, अर्ज केला.

येथील कायदा एप्रिल 2016 मध्ये झाला आणि पात्र आजार त्याच्या यादीत नावानिशी दिलेले आहेत. कर्करोग, अपस्मार, काचबिंदू, क्रोन्स (आतड्यांचा दाह), पार्किन्सन्स, सिकल सेल यांच्याबरोबर माझाही आजार त्यात आहे. 2019 मध्ये चिंताविकार आणि टूरेट सिंड्रोम (नकळत झटके व आवाज येण्याचा आजार) यांची भर पडली. निद्रानाश मात्र त्यात नाही. माणसाला त्रास किती होतो याआधी त्या त्रासाचे निदान यादीतल्या नावाने झाले आहे का, हे पाहिले जाते, आणि माझे घोडे नेमके तिथेच अडले. माझ्या पुण्याच्या जुन्या एमआरआय अहवालात केवळ मज्जावरण झिजल्याच्या खुणांचा उल्लेख होता, तर इथल्या अलीकडच्या नोंदींत ‘चालताना तोल जातो, पाय आखडतात’ इतकेच लिहिलेले होते. आजार सर्वांना ठाऊक होता, पण मी सोबत नेलेल्या एकाही कागदावर त्याचे नाव नव्हते. पहिल्या दवाखान्यातून मला तपासणीविनाच परत पाठवले, आणि भरलेली फीही परत मिळाली नाही. भिंतीला धरून चालणाऱ्या रुग्णाला फोनवर आधी एवढे सांगता आले असते, याचे मला अजून वाईट वाटते.

मग मी माझ्या न्यूरॉलॉजिस्टकडून एक पानाचे पत्र घेतले. त्यात निदानाचे पूर्ण नाव, निदानाची तारीख, आजवर घेतलेली औषधे आणि ती का पुरली नाहीत, हे सारे होते. कार्डासाठी लागणारे डॉक्टरांचे प्रमाणपत्र ते स्वतः देऊ शकत नव्हते, कारण त्यासाठी डॉक्टरांना चार तासांचे प्रशिक्षण घेऊन राज्याच्या आरोग्य विभागाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी ते पत्र सावकाश वाचले आणि मला समजावून सांगितले की, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2017 च्या अहवालात या आजारातील स्नायूंच्या ताठरपणावर तोंडाने घेतलेल्या कॅनॅबिनॉइड (गांजातील घटकांच्या गटातील) औषधांचा उपयोग होत असल्याचा भक्कम पुरावा मान्य केलेला आहे, पण तो रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या आरामापुरता. त्या देतात ते प्रमाणपत्र, प्रिस्क्रिप्शन नव्हे. कारण केंद्रीय कायद्यानुसार गांजा तेव्हा बंदी असलेल्या पहिल्या अनुसूचीत होता. विम्यातून काही मिळाले नाही. राज्याचे 50 डॉलर शुल्क भरल्यावर कार्ड टपालाने आले.

आपल्या लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. मी अमेरिकेची नागरिक आहे, माझे यजमान ग्रीन कार्डावर आहेत. राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा वापरसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या वर्तणुकीच्या अटीला बाधा आणू शकतो, असे इमिग्रेशन खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केले होते. त्यामुळे वकिलांच्या सल्ल्याने यजमानांनी माझ्यासाठी औषध आणण्याची नोंदणीही केली नाही. माझे औषध मीच आणते. आधीच चालण्याचे हाल, त्यात ही खेप, पण तिला पर्याय नव्हता.

जिभेखाली घ्यायचे थेंब मी अगदी कमी मात्रेने, फक्त रात्री सुरू केले. पायातले गोळे पुष्कळ कमी झाले आणि झोप सलग लागू लागली. चालण्यात मात्र फरक पडला नाही. थेंब सुरू झाल्यापासून मी गाडी चालवणे सोडले आहे, कारण येथे रक्तात अंश सापडला तरी गुन्हा ठरतो आणि कार्ड त्यातून वाचवत नाही.

पुढच्या वर्षी आईला भेटायला पुण्याला गेले तेव्हा बाटली घरीच ठेवली. भारतात 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे आणि इथले कार्ड तिथे चालत नाही. ते तीन आठवडे मी पुन्हा बॅक्लोफेनवर काढले, आणि आई रात्री उठून माझ्या पोटऱ्या चोळत बसायची.