लेकीचा कान आणि कपाटातली जुनी बाटली
काल रात्री दोनच्या सुमारास माझी सात वर्षांची लेक कान धरून रडत उठली. सासूबाईंनी लसणाचे तेल कोमट करायला घेतले आणि मी कपाटातून गेल्या वर्षीची कानात घालायच्या थेंबांची बाटली काढली; पण तिच्या उशीवर पिवळसर ओला डाग दिसला आणि माझा हात थांबला. तो थांबला हे फार बरे झाले.

सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून सांगितले, की सर्दीनंतर कानात साठलेल्या पुवाच्या दाबाने पडद्याला बारीक छिद्र पडले आहे, आणि अशा कानात जेंटामायसिन किंवा निओमायसिनसारखे औषध पडदा ओलांडून आत उतरले, तर श्रवणशक्तीला इजा होऊ शकते. माझ्या जुन्या बाटलीवर निओमायसिनच लिहिलेले होते. शिवाय उघडलेली बाटली साधारणपणे चार आठवड्यांनंतर वापरायची नसते. तेल तर नकोच, असेही त्यांनी बजावले.

त्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब दिले. दुपारी मी बाटली मुठीत धरून कोमट केली, कारण गार थेंबांनी चक्कर येते. तिला कुशीवर निजवून कान हळूच वर आणि मागे ओढला (तीन वर्षांखालच्या बाळाचा मात्र खाली आणि मागे ओढतात), बाटलीचे टोक कानाला न लावता थेंब सोडले आणि पाच मिनिटे तिला तसेच पडू दिले. थेंब आत उतरताना तिने माझे बोट घट्ट धरले होते.