पान मागावं, झाड नको

मनी प्लांट म्हणे चोरून आणलेलाच जगतो. आफ्रिकन व्हायोलेट हे लवदार पानांचं छोटं फुलझाड, एका पानापासून नवं होणारं. त्याचं पान मात्र चोरू नये. पापपुण्याचा प्रश्न नाही, घाईत नेमकं चुकीचं पान हाताला लागतं एवढंच. बाहेरच्या घेरातलं म्हातारं पान मुळं धरायला वेळ लावतं, कित्येकदा कुजूनच जातं. अगदी मधलं कोवळं खुडलं, तर मूळ झाडाची वाढ बिघडते. बाहेरून दुसऱ्या-तिसऱ्या घेरातलं, पूर्ण वाढलेलं, बिनडागाचं पान हवं, आणि ते मागूनच मिळतं. व्हायोलेटवाली माणसं पानाला नाही म्हणत नाहीत. त्यांनाही झाडाचा घेर आटोक्यात ठेवायचाच असतो.

देठ तीनेक सेंटिमीटर ठेवून धारदार ब्लेडने तिरका कापायचा, कापाचं तोंड पानाच्या वरच्या अंगाला. मग पिल्लं, म्हणजे देठातून फुटणारी नवी रोपं, पानाच्या पुढून येतात, त्याच्या सावलीत दबत नाहीत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) निम्मं-निम्मं, नुसतं ओलसर. तळाला भोक पाडलेला चहाचा कप पुरतो. देठ एक-दीड सेंटिमीटरच खोचायचा. खोल गेला की पिल्लं वर यायला उगीच उशीर. वरून पारदर्शक पिशवी, उजेड भरपूर पण ऊन नको. महिन्याभरात मुळं, दोन-तीन महिन्यांत उंदराच्या कानाएवढी पानं. पान मोठं असेल तर त्याचा वरचा अर्धा भाग सरळ कापून टाकावा. क्रूर वाटतं, पण नाहीतर ते स्वतःच वाढत बसतं. एका पानाला चार-पाच पिल्लंही येतात. जीव होत नाही म्हणून ती तशीच एका कुंडीत ठेवतात लोक, आणि मग वर्षभर फूल नाही म्हणून कुरकुरतात. प्रत्येकाला वेगळी कुंडी द्यावी.

आणि कुंडी लहान. 1892 साली बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर यांना हे झाड आजच्या टांझानियातल्या उसांबरा डोंगरांत दिसलं. अशा डोंगरांतल्या सावलीतल्या खडकांवर, शेवाळात आणि पाचोळ्यात चिमटीभर माती धरून ते राहतं. मुळं बारीक आणि वरवरची. झाडाचा घेर फूटभर झाला तरी चार इंची कुंडी बास. मोठ्या कुंडीत माती ओली राहते, मुळं सडतात, आणि सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पानं मलूल पडतात. मलूल पानं बघून माणूस काय करतो? आणखी पाणी घालतो. यातच बहुतेक व्हायोलेट जातात. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघण्याइतकं सोपं काम कुणाला सुचत नाही.

पाणी बशीत ओतावं, अर्ध्या तासाने उरलेलं काढून टाकावं. डिसेंबरातल्या सकाळचं नळाचं गार पाणी लवदार पानावर सांडलं की तिथल्या पेशी मरतात आणि पिवळट खुणा उमटतात. त्या पुसल्या जात नाहीत, ते पान गळेपर्यंत तशाच राहतात.

पान कधी मागावं? मे महिन्यात नाही. या झाडाला 18 ते 27 अंश बरे वाटतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात कापलेलं पान पिशवीत उकडूनच निघेल. दिवाळीनंतर मागावं.

एक अडचण आहे. पाकळीच्या मधोमध पट्टा असलेली, भिंगरीसारखी दिसणारी फुलं पाहून पान आणलंत, तर फूल बहुधा साधंच येईल. हा पट्टा पानातून उतरत नाही. तिथे बुडाशी आलेला फुटवा मागावा लागतो, आणि तो देताना मात्र माणसं जरा विचार करतात.

कपावर मार्करने तारीख आणि जात लिहावी, कारण फूल येईपर्यंत पिल्लं एकसारखीच दिसतात. जात ठाऊक नसेल तर ‘वरच्या मजल्यावरच्या काकूंचं गुलाबी’ एवढंही चालतं.