पाइन ऑगस्टमध्ये तांबडा पडतो, उपाय मात्र हिवाळ्यातला

जपानच्या किनाऱ्यावरचा काळा पाइन जूनमध्ये हिरवागार असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काही आठवड्यांत पार तांबडा होऊन मरतो. नागासाकीत 1905 साली या रोगाची पहिली नोंद झाली. पुढे कित्येक वर्षं खोड पोखरणाऱ्या किड्यांवरच ठपका राहिला. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीवर, म्हणजे दोऱ्यासारख्या जंतावर, तो सिद्ध झाला 1971 मध्ये. हा सूत्रकृमी मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथल्या बहुतेक पाइनांना तो सोसतो, जपानच्या काळ्या आणि तांबड्या पाइनांना नाही.

डाळिंब-टोमॅटोच्या मुळांना गाठी आणणारा सूत्रकृमी आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. हा मात्र मातीतून येत नाही, लांब मिशांच्या भुंगेऱ्यावर स्वार होऊन येतो. मे ते जुलैमध्ये भुंगेरे मेलेल्या झाडांतून बाहेर पडतात आणि निरोगी झाडांच्या कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतात. त्या जखमांतून सूत्रकृमी आत शिरतो. 25 अंशाला त्याची एक पिढी 4-5 दिवसांत उरकते. पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या बंद पडतात, राळ आटते. राळ वाहत असेपर्यंत भुंगेऱ्याची अळी झाडात तगत नाही. आटली की त्याच झाडात अंडी पडतात आणि पुढच्या मेमध्ये नवी फौज निघते. उन्हाळा कडक आणि कोरडा असला की मर आणखी वाढते.

सुयांसारखी पानं पिवळी पडण्याआधीच राळ तपासता येते. सालीला लहानसं भोक पाडून दुसऱ्या दिवशी पाहायचं: निरोगी झाडाची राळ ओघळलेली असते, रोगट झाडाचं भोक कोरडं. खात्रीसाठी खोडाला ड्रिल मारून निघालेला भुसा दिवसभर पाण्यात ठेवतात आणि ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

मेलेलं झाड एप्रिलपूर्वी हलवलंच पाहिजे. कोकणात सोंड्या भुंग्याने मेलेला माड तोडून जाळतात, तोच न्याय. खोड तोडून नेलं आणि फांद्या तिथेच टाकल्या, ही नेहमीची चूक. अंगठ्याएवढ्या जाड फांदीतही अळी वाढते. सगळं जाळायचं, नाहीतर यंत्रात घालून बारीक तुकडे करायचे. युरोपात तुकड्याची जाडी-रुंदी 3 सेंटिमीटरच्या आत लागते. थंड भागात लागण झालेलं झाड कधीकधी पुढच्या वसंतात तांबडं पडतं, म्हणून रोगट झाडं शोधायची एक फेरी पुरत नाही.

मोलाच्या झाडांना एमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाचं इंजेक्शन खोडात देतात. मात्रा खोडाच्या जाडीवर, लेबलप्रमाणे. तेही हिवाळ्यातच: तेव्हा राळ कमी असते, भोक तुंबत नाही, आणि भुंगेरे निघेपर्यंत औषध फांद्यांत पोचतं. लागण झालेल्या झाडाला ते देणं म्हणजे पैसे पाण्यात, कारण पाणीच चढत नाही तर औषध कसं चढणार?

हिवाळ्यात खोडाला गवताची चटई गुंडाळून वसंतात जाळायची जुनी पद्धत दिसते छान. तिचा रोख पाइनच्या सुरवंटावर आहे, या भुंगेऱ्याचं त्यात काहीच बिघडत नाही. उलट कोळी आणि शिकारी ढेकूण फुकट जळतात.

लांबची मजल हा रोग लाकडातूनच मारतो. 1999 मध्ये तो पोर्तुगालमध्ये सापडला. म्हणून निर्यातीच्या पाइनच्या खोक्यांना गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता सलग 30 मिनिटं द्यावी लागते. न्हावाशेवाला उतरणाऱ्या खोक्यांवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ ही अक्षरं दिसतात, ती याचीच खूण.